दिवसाला किती कॅलरींच्या खाली जाऊ नये? सांगलीत रोज विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वजन कमी करायला येणाऱ्या दहा जणांतले सात-आठ जण येतानाच उपाशी असतात. कुणी रात्रीचं जेवण बंद केलेलं असतं, कुणी भाकरी-भात सोडून काकडीवर आलेलं असतं. त्यांना जास्त खायला सांगण्यातच माझा पहिला अर्धा तास जातो. रोज तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवते.

थोडक्यात सांगा, कमीत कमी किती कॅलरी?

बाईने दिवसाला १,२०० आणि पुरुषाने १,५०० च्या खाली स्वतःच्या मनाने जायचं नाही. हे धडधाकट, प्रौढ माणसासाठी आहे. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढीच्या वयातली मुलं आणि शेतात किंवा तालमीत घाम गाळणारे यात येत नाहीत. एक गोष्ट आधीच सांगते, बहुतेकांना इतकं खाली उतरायची गरजच नसते.

हा १,२०० चा आकडा आला कुठून?

जेवण आखताना येणाऱ्या अडचणीतून. शरीराला नुसत्या कॅलरी पुरत नाहीत. प्रथिनं, लोह, कॅल्शियम, बी-१२, पोट साफ राहायला चोथा हे सगळं त्याच ताटातून जायचं असतं. १,२०० च्या खाली कितीही हुशारीने ताट वाढलं तरी यातलं काहीतरी बाहेर राहतंच. आपल्याकडे तर निम्म्याहून अधिक बायका आधीच रक्ताने कमी असतात. त्यांनी ताट आणखी लहान केलं की पहिला फटका हिमोग्लोबिनला बसतो.

पाकिटावर किलोकॅलरी लिहिलेलं असतं, ते वेगळं का?

नाही. आपण रोजच्या बोलण्यात जिला कॅलरी म्हणतो तीच ती.

माझा आकडा कसा काढायचा?

कागद-पेन्सिल घ्या. वजन किलोत, त्याला १० ने गुणा. उंची सेंटिमीटरमध्ये, तिला ६.२५ ने गुणा. दोन्हींची बेरीज करा. वयाला ५ ने गुणून ते त्यातून वजा करा. शेवटी पुरुष असाल तर ५ मिळवा, बाई असाल तर १६१ वजा करा. दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांना जेवढी ऊर्जा लागते ती ही. हे मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र १९९० सालचं आहे आणि आजही सर्रास वापरलं जातं.

एक उदाहरण घेऊ. चाळीस वर्षांची, १५५ सेंटिमीटर उंचीची, ७० किलोची बाई. ७०० अधिक ९६९, वजा २००, वजा १६१. उत्तर येतं साधारण १,३०८. बसून काम असेल तर याला १.४ ने गुणायचं, म्हणजे दिवसाचा खर्च १,८३० च्या आसपास. त्यातून ५०० कमी केले की १,३३०. एवढं खाऊन तिचं वजन आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरायला हवं, कारण एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. तिने ८०० वर यायचं काहीच कारण नाही.

आता तिचा भाऊ घ्या. वय ३५, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८२ किलो, उसाची शेती, दिवसभर रानात. त्याचा पडून राहण्याचा खर्चच १,७१० च्या पुढे जातो. कामासकट तो २,९०० पर्यंत पोचतो. मोबाईलवर बघून त्याने १,५०० चा डाएट धरला तर तिसऱ्या दिवशी बांधावर बसून राहील. त्याला २,३०० देऊनही वजन उतरतं.

तिसरं उदाहरण साठीच्या काकूंचं. उंची १५० सेंटिमीटर, वजन ५० किलो, फिरणं कमी. त्यांचा दिवसाचा सगळा खर्चच १,२७० च्या घरात आहे. कापायला जागाच नाही आणि बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागून येणारा आकडा) २२ असल्यामुळे गरजही नाही. अशा काकूंना मी सकाळी आमराईत चालायला आणि जेवणात डाळ-दही वाढवायला सांगते. सुनेचा डाएट बघून त्यांनी स्वतःची भाकरी अर्धी करू नये.

वजन जास्त आहे हे ठरवायचं कशावरून?

भारतीय माणसासाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. त्याहून सोपं म्हणजे शिंप्याची टेप. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे असेल तर पोटावरची चरबी कमी करायला हवी. बीएमआय २१ असताना आणखी पाच किलो उतरवायचेत म्हणून आलेल्या मुलींना मी डाएटचा कागद देत नाही.

एका भाकरीत किती कॅलरी असतात?

कुणाच्या हातची, ते सांगा आधी! मिरजेकडच्या एक काकू महिनाभर लिहून आणत होत्या, ‘दोन भाकऱ्या, २०० कॅलरी’. वजन हलेना म्हणून त्यांनी आणखी कमी खायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, थांबा, आधी घरातलं भाकरीचं पीठ डब्यातून घेऊन या. माझ्या टेबलावर स्वयंपाकघरातला छोटा काटा असतो. त्यांनी सवयीने मूठ भरून परातीत टाकायला काढलं, मी ते काट्यावर ठेवलं. ९५ ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३३५ कॅलरी, म्हणजे एक भाकरी तीनशेच्या वर. काकू काट्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी खाणं कमी केलं नाही, फक्त भाकरी ६० ग्रॅमची थापायला लागल्या आणि उसळीची वाटी मोठी केली.

म्हणून सुरुवातीचे पंधरा दिवस तरी घरच्या वाट्या, पळ्या, भाकरी एकदा मोजून घ्या. तेलाचा एक छोटा चमचा ४५ कॅलरी, साखरेचा २०. शेंगदाणे शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या पुढे, म्हणजे भाजीत सढळ हाताने घातलेलं कूट एका भाकरीएवढं होतं. म्हशीचं दूध गायीच्या दुधाच्या दीडपट. तासगावच्या बेदाण्यात शंभर ग्रॅमला तीनशेच्या आसपास, ताज्या द्राक्षांत मात्र सत्तरच्या आत. भडंग हलकं वाटतं खरं, पण चुरमुऱ्यावर तेल आणि शेंगदाणे किती पडलेत ते पुडीचा कागद बघून कळतं. यातलं काही सोडायला मी सांगत नाही. माप माहीत असावं एवढंच.

१,४०० कॅलरींत पोट भरतं का? दिवसाचं जेवण कसं असेल?

भरतं, पण ताट बदलावं लागतं. मी साधारण असं लिहून देते. सकाळी थोड्या दुधाचा, एक चमचा साखरेचा चहा. नाश्त्याला दोन उकडलेली अंडी आणि एखादं फळ, किंवा मुगाची दोन धिरडी. दुपारी दीड भाकरी (मिळून ७५ ग्रॅम पीठ), वाटीभर मटकीची किंवा हुलग्याची उसळ, वाटीभर पालेभाजी, कोशिंबीर, पेलाभर ताक. चारला मूठभर शेंगदाणे, फार तर वीस ग्रॅम. रात्री एक भाकरी, घट्ट आमटी, भाजी आणि वाटीभर दही. दिवसाचं तेल तीन ते चार छोटे चमचे. हे सगळं १,३५० ते १,४०० पर्यंत जातं आणि प्रथिनं ५० ग्रॅमच्या जवळ येतात.

प्रथिनांवर मी अडून बसते, त्याला कारण आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. कॅलरी कमी केल्या की ती गरज वाढते, कारण शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खायला लागतं. म्हणून भाकरी कमी केली तर चालेल, पण डाळ, उसळ, दही, अंडी यांना हात लावायचा नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. डाएट म्हटलं की पातळ आमटी आणि काकडी.

फारच कमी खाल्लं तर नक्की काय होतं?

यावर जुना आणि चांगला नोंदलेला प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण घेतले आणि सहा महिने त्यांना रोज साधारण १,५७० कॅलरी दिल्या. शिवाय त्यांना आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालायचं होतं. त्यांचं वजन जवळजवळ पावपट उतरलं. त्याबरोबर अंगात सतत थंडी भरली, पाय सुजले, केस गळले, नाडी मंदावली. मनावर परिणाम झाला तो वेगळाच. चिडचिड, उदासी, डोक्यात दिवसरात्र फक्त जेवण. काही जण स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसायचे. खाणं पूर्ववत केल्यावरही बऱ्याच जणांची भूक कित्येक महिने ठिकाणावर आली नाही.

आकडा नीट बघा. १,५७०. चालत्याफिरत्या पुरुषाला तेवढंही उपासमारीसारखं झालं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्याच्या निम्म्यावर दिवस काढत असतात आणि चिडचिड झाली की ‘माझ्यात निर्धारच नाही’ म्हणून स्वतःला दोष देतात. निर्धाराचा यात काही संबंध नाही. उपाशी शरीर असंच वागतं.

विश्रामबागची एक मुलगी दिवाळीनंतर आली, वय २३. पर्समधून तिने पाकीट काढलं, लग्नपत्रिकेचं असतं तसं. आत केसांचा गुंता होता, एका आठवड्याचा. तेल बदललं, शाम्पू बदलला, पाणी तपासून घेतलं, सगळं सांगून झालं. मी विचारलं, गणपतीच्या आसपास काही डाएट केला होतास का? केला होता. महिनाभर दिवसाला दोन सफरचंदं, एक वाटी ओट्स आणि ग्रीन टी. सहा किलो उतरले होते, त्यातले पाच परतही आले होते. केसांचं असंच असतं, उपासमार झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी ते गळायला लागतात, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा तपासला तर तोही तळाला गेलेला. केस परत आले, पण आठ महिने लागले.

याशिवाय पाळी लांबते किंवा बंद होते. ती महिनोन्‌महिने बंद राहिली तर हाडं ठिसूळ होतात. वजन फार झपाट्याने उतरलं, म्हणजे आठवड्याला दीड किलोच्या पुढे, तर पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो.

पण पहिल्याच आठवड्यात माझे तीन किलो उतरले, मग?

त्यात पाणीच जास्त होतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी झालं की तो साठा आधी संपतो आणि काटा धाडकन खाली येतो. पहिल्या लग्नाच्या पंगतीत तो परत वर जातो. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

८०० कॅलरींच्या डाएटने ओळखीच्यांची शुगर गेली. मी करू का?

ऐकीव गोष्ट असली तरी तिच्यामागे खरं संशोधन आहे. ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. टाइप २ मधुमेह असलेल्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५० कॅलरी दिल्या. वर्षाअखेर त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांना मधुमेहाच्या औषधाची गरज उरली नव्हती.

आता त्यातलं कुणी न सांगणारं ऐका. ती माणसं स्वयंपाकघरात काकडी चिरून ८०० वर आली नव्हती. जीवनसत्त्वं, क्षार, प्रथिनं मोजून घातलेलं तयार अन्न त्यांना दिलं होतं. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, त्याही डॉक्टरांनी. ठरावीक दिवसांनी तपासणी होती आणि नंतर नेहमीच्या जेवणावर सावकाश आणलं होतं. तुमचे डॉक्टर एवढं सगळं बघायला तयार असतील तर त्यांच्याशी जरूर बोला. सांगली-मिरजेत असे डॉक्टर शोधायला लांब जावं लागत नाही. त्यांच्याशिवाय नको.

शुगरच्या गोळ्या चालू आहेत. थोडं कमी खाल्लं तर चालेल ना?

विचारल्याशिवाय नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना अचानक जेवण कमी केलं तर शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी घेणाऱ्याने भात-भाकरी पूर्ण बंद केली तर रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं, आणि त्या वेळी शुगर मोजायच्या यंत्रावर ती फारशी वाढलेलीही दिसत नाही. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्यांनी चक्कर येते. गोळीची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘मी इतकं खाणार आहे’ असं आकड्यात सांगा.

लग्न दीड महिन्यावर आलंय. दहा किलो?

नाही. तीन-चार किलो आरामात, चेहरा न उतरवता. ब्लाऊज शिंप्याकडे शेवटच्या आठवड्यात द्या.

नवरात्राचे नऊ दिवस उपास करते. वजनाला बरा ना?

श्रद्धेने करत असाल तर जरूर करा. मी त्याच्या आड येणार नाही. पण वजनासाठी म्हणून मोजत असाल तर साबुदाण्याच्या खिचडीची एक बशी बघा. साबुदाणा, कूट, बटाटा, तूप मिळून पाचशेच्या आसपास जाते आणि त्यात प्रथिनं सात-आठ ग्रॅम. दुसरीकडे निव्वळ पाण्यावर किंवा दिवसातून एका फळावर नऊ दिवस काढणाऱ्याही बायका आहेत. घरचं सगळं आवरून, घटाला माळ घालून, पाणी भरून. सहाव्या-सातव्या दिवशी त्या न्हाणीघरात चक्कर येऊन पडतात. वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दूध, ताक, दही, फळं हे सगळं उपासाला चालतं. ते घ्या. शुगर असेल, पोटात बाळ असेल किंवा रक्त कमी असेल तर देवीला नमस्कार करून जेवा.

शेक पिऊन दोन जेवणं बंद करायला सांगितलंय.

डब्यामागचं लेबल मला आणून दाखवा, मग बोलू. एका वेळच्या शेकमध्ये दुधासकट सव्वादोनशे कॅलरी असतील तर असे दोन आणि रात्रीचं छोटं जेवण मिळून दिवस हजाराच्याही आत संपतो. विकणाऱ्याला तुमची थायरॉइड, किडनी, पाळी यातलं काही माहीत नसतं. माझा मुख्य आक्षेप असा की शेक बंद झाला की पुढे काय खायचं हे शिकायचं राहूनच जातं.

मुलगा तालमीत आहे, वजनी गटासाठी जेवण आणि पाणी तोडतो.

पाणी तोडणं सगळ्यात वाईट. १९९७ साली अमेरिकेत महिनाभरात तीन कॉलेजचे पैलवान वजन उतरवताना दगावले. रबरी सूट, गरम खोली, पाणी बंद. त्यानंतर तिथले नियम बदलावे लागले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी अंतिम फेरीतून बाहेर गेली. आदल्या रात्री तिने किती आटापिटा केला ते साऱ्या देशाने ऐकलं. ऑलिंपिकचा चमू पाठीशी असताना ही गत, तर गावाकडच्या मैदानासाठी पंधरा वर्षांच्या पोराने असं करायचंच नाही. वस्तादांशी बोलून त्याला अंगाला बसणाऱ्या गटात खेळू द्या. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनाही हेच सांगणं. सकाळी पळायचं, दुपारी ग्राउंड आणि जेवण दोन चपात्या, असं चाललं तर पायाचं हाड चिरतं.

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर?

गरोदरपणात डाएट नाहीच. उलट दिवसाला ३५० कॅलरी जास्त लागतात. अंगावर पाजताना पहिले सहा महिने ६०० जास्त. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पोटाकडे बघायचं नाही, डिंकाचे लाडू मात्र मोजून.

वजन उतरायचं थांबलं. १,४०० वरून ९०० वर येऊ?

नको. आधी तेल, कूट, चहाची साखर आणि रविवारचं मटण पुन्हा एकदा मोजा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. शिवाय ८० किलोचं शरीर ७२ वर आलं की त्याचा खर्चही कमी होतो, तेव्हा नवीन वजन घालून सूत्र पुन्हा सोडवा. चालणं वाढवा, आठवड्यातून दोनदा वजन उचला, नाहीतर घरी उठाबशा काढा. दोन-तीन आठवडे काटा हललाच नाही तरी कंबर कमी होत असेल तर सगळं ठीक चाललंय.

मुलगी घरात जेवत नाही, ‘बाहेर खाल्लं’ म्हणते आणि आरशासमोर रडते.

हा प्रश्न कॅलरींचा राहिलेला नाही. तिच्या अंगावर ओरडू नका, ‘किती बारीक झालीस’ असंही म्हणू नका आणि ‘छान दिसतेस’ असंही. कॅलरी मोजायचं अॅप तिच्याकडून काढून घेण्यापेक्षा तिच्याबरोबर बसून जेवा. लवकरात लवकर डॉक्टरांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची टेलि-मानस ही मोफत फोनसेवा १४४१६ वर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. पाळी बंद झाली असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, नाडी फार मंद असेल किंवा जेवून ओकत असेल तर वाट बघू नका.

कित्येक दिवस जवळजवळ उपाशी होते. आता एकदम पोटभर जेवू?

पाच दिवसांहून जास्त अगदीच थोडं किंवा काहीच खाल्लं नसेल तर एकदम भरपूर जेवणं धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम अचानक घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आधी डॉक्टरांना गाठा, रक्त तपासून घ्या, मग त्यांनी सांगितलेल्या मापाने खाणं वाढवत न्या. नुसतेच महिनाभर ९०० वर असाल आणि बाकी तब्येत ठीक असेल तर आठवड्याला रोजच्या खाण्यात १०० ते १५० कॅलरी वाढवा. पहिल्या आठवड्यात एक वाटी घट्ट आमटी, दुसऱ्यात एक अंडं आणि थोडं दही. काट्यावर किलोभर वाढेल, ते पाणी असतं, त्याने घाबरून पुन्हा ताट बाजूला सारू नका. आणि चौथ्या आठवड्यात एकदा मला येऊन भेटा, येताना भाकरीचं पीठ घेऊन या.